सिंहगडची कथा : कादंबरीत आणि पडद्यावर



सुभेदार तानाजी मालुसरे आणि कोंढाणा किल्ला यांची गोष्ट ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडायचे नाही. चौथीतल्या मुलाला ती सांगायला लावा, तो घोरपडीपासून सुरुवात करील. घरातल्या आजीला विचारा, ती रायबाच्या लग्नाची तयारी आधी सांगेल. कॉलेजातल्या तरुणाला विचारा, तर तो एका प्रचंड तोफेचे वर्णन करू लागेल. गोष्ट एकच, पण तिघांच्या सुरुवाती तीन. असे का व्हावे? याचे उत्तर शोधायचे तर ही गोष्ट पोवाड्यातून कादंबरीत आणि कादंबरीतून पडद्यावर कशी गेली, वाटेत तिने काय टाकले आणि काय उचलले, हे बघावे लागेल. आजचे माझे बोलणे त्याविषयी आहे. खेड्यापाड्यांत शिकवणारे अनेक शिक्षक हा कार्यक्रम ऐकतात. वर्गात या गोष्टीला त्यांना दरवर्षी सामोरे जावे लागते. म्हणून त्यांना उपयोगी पडेल असे काही सांगण्याचा माझा प्रयत्न आहे.

आधी इतिहासाने पक्के म्हणून आपल्या हाती दिलेले पाहू. ते फार थोडे आहे. १६६५ च्या जून महिन्यात शिवाजी महाराज आणि मिर्झाराजे जयसिंह यांच्यात पुरंदरचा तह झाला. त्या तहात महाराजांना तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. कोंढाणा त्यांपैकी एक. पुढे आग्र्याचा प्रसंग घडला, महाराज सुखरूप परत आले, काही काळ शांततेत गेला आणि १६७० च्या आरंभी दिलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. त्या वर्षीच्या ४ फेब्रुवारीच्या रात्री तानाजी निवडक मावळ्यांसह कडा चढून कोंढाण्यावर गेले. मोगलांचा राजपूत किल्लेदार उदयभान आणि तानाजी दोघेही त्या रात्री पडले. किल्ला स्वराज्यात आला. बस्स, एवढेच. बाकीचे सारे सांगणाऱ्यांनी सांगितलेले आहे.

सांगणाऱ्यांतही दोन जुने सांगणारे महत्त्वाचे आहेत. पहिला शाहीर तुळशीदास. त्याचा सिंहगडचा पोवाडा खेडोपाडी गायला जाई. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली जुन्या पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यात तो आल्यामुळे आपल्याला वाचायला मिळतो. दुसरा सांगणारा म्हणजे कृष्णाजी अनंत सभासद. त्याची बखर सतराव्या शतकाच्या अगदी शेवटी, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली. आता गंमत पाहा. पोवाड्यात घोरपड आहे, तिच्या कमरेला दोर बांधलेला आहे. बखरीत घोरपड नाही. तिथे हुशार मावळे रात्री वानरासारखे कड्यावर चढतात. पोवाड्यात आईसाहेब जिजाबाई सारीपाटाचा डाव जिंकून कोंढाणा मागून घेतात, आणि तानाजी मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन येतो तो मोहिमेवर जातो. बखरीत लग्न नाही, डाव नाही. तिथे तानाजी आपण होऊन म्हणतो की हा किल्ला मी घेतो. आणि गड घेतल्यावर महाराजांच्या तोंडी सभासदाने जे शब्द घातले आहेत, त्यांत सिंहाचे नाव नाही. एक गड मिळाला पण दुसरा गमावला, अशा अर्थाचे ते उद्गार आहेत. म्हणजे तानाजी हाच महाराजांचा एक गड. मला स्वतःला हे बोलणे सिंहाच्या उपमेपेक्षा अधिक जवळचे वाटते. शिवाय 'सिंहगड' हे नाव १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारात आढळते, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे.

म्हणजे पडद्यावर जाण्याच्या किती तरी आधीच या गोष्टीची दोन रूपे झाली होती.

तिसरे रूप हरि नारायण आपटे यांनी दिले. 'पण लक्षात कोण घेतो' लिहिणारे, 'करमणूक' साप्ताहिक चालवणारे ते हरिभाऊ. त्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी १९०३ सालची. कादंबरीकाराची अडचण शाहिराच्या अडचणीहून वेगळी असते. शाहिराला एक रात्र रंगवायची असते, कादंबरीकाराला शेकडो पाने वाचकाला धरून ठेवायचे असते. एका रात्रीच्या लढाईने तेवढी पाने भरत नाहीत. म्हणून हरिभाऊंनी कमलकुमारी आणली. ही राजपूत विधवा सती जायला निघाली असता उदयभानू तिला पळवून आणतो आणि कोंढाण्यावर कोंडून ठेवतो. आता वाचकाच्या जिवाला घोर लागला. तिची सुटका वेळेत होते की नाही, या घालमेलीत तो पान उलटत जातो. कमलकुमारी हे हरिभाऊंचे कल्पित आहे. पण ते उगाच केलेले कल्पित नाही, बरे का. ज्या लेखकाने आयुष्यभर विधवेच्या दुःखाचा विचार केला, त्याने शौर्याची कथा लिहायला घेतली तेव्हाही किल्ल्याच्या मध्यभागी एक असहाय विधवा आणून उभी केली. लेखकाचा जीव जिथे गुंतलेला असतो तिथेच त्याची कल्पना जाते.

अशा कादंबऱ्या जगात इतरत्रही लिहिल्या गेल्या. सरहद्दीवरचा एखादा किल्ला, दोन सत्तांची झुंज, रानावनाची माहिती असलेले चिवट लोक आणि शत्रूच्या हाती सापडलेल्या स्त्रिया, असा त्यांचा साचा. अमेरिकेत जेम्स फेनिमोर कूपर याने १८२६ साली 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स', म्हणजे मोहिकनांतला शेवटचा, ही कादंबरी लिहिली. १७५७ साली इंग्रज आणि फ्रेंच तिथल्या जंगलात एका किल्ल्यासाठी लढले, त्या वेळची ती कथा. हॉकआय हा गोरा शिकारी, चिंगाचगुक आणि त्याचा मुलगा अंकस हे त्याचे मोहिकन सोबती, आणि इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या दोन मुली कोरा आणि अॅलिस. या कादंबरीवर १९२० साली मूकपट झाला, १९३६ साली बोलपट झाला आणि १९९२ साली मायकेल मान या दिग्दर्शकाने आणखी एक मोठा चित्रपट काढला. त्यातली एक गोष्ट फार बोलकी आहे. कूपरच्या कादंबरीत हॉकआयला प्रेयसी नाही. तो रानाचा माणूस, शेवटी तो म्हाताऱ्या चिंगाचगुकजवळ राहतो. अंकस मरतो, कोराही मरते. पण १९३६ च्या बोलपटाने हॉकआयला अॅलिसच्या प्रेमात पाडले. पुढे १९९२ च्या चित्रपटाने जुन्या बोलपटाच्या पटकथेचाच आधार घेतला, फक्त अॅलिसच्या जागी कोरा आणली आणि कादंबरीत मरणाऱ्या कोराला जिवंत ठेवले. आज जगातल्या पुष्कळ लोकांना ही प्रेमकथाच मूळ कथा वाटते. सांगायचा मुद्दा असा की चित्रपट नेहमी पुस्तकातून निघतो असे नाही. पुष्कळदा तो आधीच्या चित्रपटातून निघतो. जी भर एकदा पडली ती पुढच्याला मूळ वाटू लागते.

आता आपल्या सिंहगडाकडे परत येऊ.

कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबुराव पेंटर यांनी १९२३ साली हरिभाऊंच्या कादंबरीवरून 'सिंहगड' हा मूकपट काढला. बाबुराव मुळातले चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणारा हा माणूस, त्याने आपल्या कारागिरीच्या बळावर कॅमेरासुद्धा घरी तयार केला होता. त्या दिवसांत चित्रण उन्हात होई, कारण दुसरा उजेडच नसे. पण सिंहगडची लढाई रात्रीची. भर उन्हात मावळे कडा चढताना दाखवले तर प्रेक्षक हसले असते. म्हणून बाबुरावांनी विजेच्या दिव्यांच्या उजेडात चित्रण केले. आपल्या देशात कृत्रिम प्रकाशाचा असा वापर या चित्रपटात प्रथम झाला, असे चित्रपटांचा इतिहास लिहिणारे मानतात. कथेच्या गरजेतून तंत्र कसे जन्माला येते त्याचा हा चांगला दाखला आहे. या चित्रपटात शेलारमामांची भूमिका शांताराम वणकुद्रे नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने केली. परंपरेने ऐंशी वर्षांचे मानलेले मामा, आणि नट विशीतला! हेच पुढचे व्ही. शांताराम.

या चित्रपटाला इतकी गर्दी लोटली, की ती पाहून मुंबई सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली, असे चित्रपटव्यवसायात सांगत आले आहेत. मुंबई इलाख्याचा करमणूक कराचा कायदा १९२३ चाच आहे हे खरे. पण गर्दीमुळेच कायदा झाला की काय, हा भाग दंतकथेसारखाच घ्यावा. सिंहगडच्या गोष्टीभोवतीच नव्हे, सिंहगडच्या चित्रपटाभोवतीही दंतकथा जमतात, ही मात्र मौज आहे.

मूकपटात बोलणे नसते. मधूनमधून पडद्यावर अक्षरे येत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना शेजारचा कोणी तरी मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे दिग्दर्शकाला सारा भार डोळ्यांना दिसेल अशा गोष्टींवर टाकावा लागे. कडा, दोर, अंधार, ढाल-तलवार, मरणाऱ्याचा चेहरा. म्हणजे कादंबरीतली कथा घेऊन बाबुराव परत पोवाड्याच्या जवळ गेले, असेही म्हणता येईल.

दहा वर्षांनी, १९३३ साली, प्रभात फिल्म कंपनीने त्याच कादंबरीवरून 'सिंहगड' हा बोलपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गुरूच्या मूकपटात म्हातारे मामा झालेला शिष्य आता स्वतः ती गोष्ट सांगू लागला. याच वर्षी प्रभात कंपनी कोल्हापुराहून पुण्याला आली, म्हणजे सिंहगड डोळ्यांना दिसेल अशा ठिकाणी. बोलपटाला आवाज मिळाला आणि आवाजाबरोबर गाणे आले. संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. हे सारे लोक मराठी रंगभूमीच्या तालमीत वाढलेले किंवा तिच्या छायेत वावरलेले. साहजिकच मूकपटात जे काम अंधार आणि उजेड करीत होते, त्यातले पुष्कळसे आता शब्दांनी आणि सुरांनी करायचे होते. कादंबरी तीच, किल्ला तोच, पण एका कलावंताने ती डोळ्यांसाठी सांगितली, दुसऱ्याने कानांसाठीही.

त्यानंतर फार मोठा काळ गेला. २०२० सालच्या १० जानेवारीला ओम राऊत यांचा 'तान्हाजी : द अनसंग वॉरियर' हा हिंदी चित्रपट आला. अजय देवगण तानाजी, सैफ अली खान उदयभान, काजोल सावित्रीबाई आणि शरद केळकर शिवाजी महाराज. तो अफाट चालला. पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला निकोप करमणूक करणारा लोकप्रिय चित्रपट म्हणून गौरव मिळाला आणि अजय देवगण यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला. १९२३ साली विजेचे दिवे ही नवलाई होती, इथे संगणकाने उभे केलेले कडे आणि तट ही नवलाई. या चित्रपटात उदयभानने कोंडून ठेवलेली कमलदेवी नावाची राजपूत स्त्री आहे. श्रोतेहो, ही कोण ते तुमच्या ध्यानात आले असेल. १९०३ साली हरिभाऊंनी आपल्या लेखणीतून जिला जन्म दिला तीच ही कमलकुमारी. बखरीत जिचा पत्ता नाही ती शंभरांहून अधिक वर्षे या किल्ल्यावर बंदिवान आहे आणि प्रत्येक नवा दिग्दर्शक तिला सोडवायला जातो!

यानंतर तीन वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, दिग्पाल लांजेकर यांचा 'सुभेदार' हा मराठी चित्रपट आला. त्यांच्या शिवकालावरील आठ चित्रपटांच्या संकल्पातला हा पाचवा. अजय पूरकर तानाजी आणि चिन्मय मांडलेकर महाराज. हिंदी चित्रपटात तानाजी एकाकी वीरासारखा सगळे पेलतो. इथे घर, सोबती आणि मराठमोळे बोलणे यांना अधिक जागा आहे.

तुलना करायची म्हणजे 'अमका चांगला, तमका वाईट' असा निकाल द्यायचा नव्हे. निकाल देणे सोपे असते. वर्गात किंवा पारावर चर्चा करायची तर मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न : आज रात्रीच का? कोणतीही साहसकथा वाचणाऱ्याला किंवा पाहणाऱ्याला घाई वाटली पाहिजे. इतिहासात घाईचे कारण राजकीय आहे. तहाची नामुष्की पुसायची होती, एकामागून एक किल्ले घ्यायचे होते. पण तहाची कलमे सामान्य माणसाच्या काळजाला लवकर भिडत नाहीत. म्हणून शाहिराने लग्न आणले आणि आईचा हट्ट आणला. हरिभाऊंनी बंदिवान विधवा आणली. २०२० च्या चित्रपटाने 'नागीण' नावाची तोफ आणली. ती कोंढाण्यावर चढवली की थेट राजगडावर मारा होईल, अशी भीती घातली. सिंहगडावरून स्वच्छ हवेत राजगड दिसतो हे खरे, पण त्या काळच्या तोफेचा गोळा तेवढा लांब जाणे शक्य नव्हते. मात्र आपण नुसते हसून सोडून देऊ नये. लग्न, विधवा आणि तोफ या तिन्ही गोष्टींचे काम एकच आहे. शाहिराचा श्रोता कुटुंबात रमणारा, त्याला लग्न समजते. १९०३ चा वाचक सुधारणेच्या वादांत वाढलेला, त्याला विधवा समजते. आजचा प्रेक्षक यंत्राच्या ताकदीने भारावलेला, त्याला तोफ समजते. सांगणाऱ्याने घातलेली भर पाहिली की ऐकणारा कोण होता ते कळते.

दुसरा प्रश्न : कडा कसा चढला? आमच्या अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या बाजूने फिरायला निघाले की मलंगगडाची डोंगररांग दिसते. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ सकाळी त्याचा उभा सुळका नुसता पाहिला तरी पोटात गोळा येतो. १७८० साली कॅप्टन अॅबिंग्टनच्या इंग्रज फौजेने त्या गडाची खालची माची घेतली, पण वरचा भाग काही त्यांना घेता आला नाही. कड्यांची ही ताकद. अशा कड्यावर रात्री, हातात तलवार घेऊन, खाली दिवा न लावता चढायचे. हे काम घोरपडीने केले असे म्हटले की मुलांना मौज वाटते, पण माणसांचे श्रेय प्राण्याला जाते. सरपटणारा एवढासा जीव माणसाचे वजन दोरावर पेलील का, हे मुलांनाच विचारावे. डोंगराळ भागातल्या मुलांना याचे उत्तर पुस्तकाशिवाय येते. मग सभासदाने सांगितलेले मावळे किती मोठे वाटू लागतात! ज्यांची नावेसुद्धा आपल्याला ठाऊक नाहीत असे ते लोक, बोटांच्या पेरांनी खडकाच्या भेगा चाचपत वर गेले.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आणि सर्वांत महत्त्वाचा : समोरचा कोण? पोवाड्यात उदयभान अचाट खाणारा, अचाट ताकदीचा राक्षस आहे. कादंबरीत तो स्त्रीलंपट आहे. २०२० च्या चित्रपटात तो क्रूर, जवळजवळ वेडसर आहे. पण कागदपत्रांत दिसतो तो मोगलांच्या चाकरीतला राजपूत किल्लेदार, ज्याच्यावर अचानक रात्री हल्ला आला आणि जो पळून न जाता लढून मेला. तो राक्षस होता म्हणून तानाजी मोठा, असे नाही. तो कसलेला शिपाई होता म्हणून तानाजी मोठा. शिवाय ही लढाई दोन धर्मांची होती, असेही काही मुले चित्रपट पाहून बोलतात. त्यांना शांतपणे सांगावे की त्या रात्री दोन्ही बाजूंचे सरदार हिंदू होते आणि झगडा होता तो कोणाच्या राज्याखाली हा मुलूख राहायचा, याचा. ज्या नटाने उदयभानची भूमिका केली त्यानेही एका मुलाखतीत हा चित्रपट म्हणजे इतिहास नव्हे, असे मत दिले होते. नटाला जे कळते ते प्रेक्षकाला कळू नये असे नाही. फक्त कोणी तरी ते सांगावे लागते.

इथे कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही तर गोष्टीतला रसच काढून घेता. घोरपड नाही, कमलकुमारी नाही, तोफ नाही, सिंहाची उपमासुद्धा नंतरची. मग उरले काय?

याला उत्तर म्हणून मी तुम्हाला आपल्याच ठाणे जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. मुंबईहून कसाऱ्याकडे जाताना आसनगावजवळ डाव्या हाताला माहुलीचे सुळके दिसतात. माहुलीही पुरंदरच्या तहात गेलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी एक. कोंढाणा घेतला त्याच १६७० साली महाराजांनी माहुलीवर रात्री हल्ला चढवला. किल्लेदार होता मनोहरदास गौड, हाही मोगलांच्या चाकरीतला राजपूत. तो सावध होता. त्याने हल्ला परतवला आणि मराठ्यांची पुष्कळ माणसे तिथे कामी आली. पुढे जून महिन्यात मोरोपंत पिंगळ्यांनी किल्ला घेतला. आता मला सांगा, पहिल्या हल्ल्यात पडलेल्या त्या मावळ्यांपैकी एकाचे तरी नाव तुम्हाला सांगता येईल? तेही रात्री कडा चढले. त्यांच्याही घरी कोणा रायबाचे लग्न खोळंबले असेल. पण त्यांना तुळशीदास भेटला नाही, हरिभाऊ भेटले नाहीत, बाबुराव पेंटर भेटले नाहीत. त्यांचा किल्ला त्या रात्री आला नाही, म्हणून त्यांची गोष्टही कोणी सांगितली नाही. माहुलीच्या पायथ्याच्या शाळेतही सिंहगड शिकवला जातो, आणि माहुलीची ती रात्र मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर राहते.

म्हणून कल्पित भर घालणाऱ्यांवर मी रागावत नाही. त्यांनी भर घातली नसती, तर तानाजीही कदाचित माहुलीच्या त्या अनाम मावळ्यांसारखा बखरीच्या दोन-चार ओळींत पडून राहिला असता. घोरपडीने कडा चढवला नसेल, पण तानाजीचे नाव तिने तीनशे वर्षे वर चढवले, यात संशय नाही. कमलकुमारी किल्ल्यावर नव्हती, पण तिच्यापायी हजारो वाचक त्या किल्ल्यावर जाऊन आले. मात्र दोर ज्याने वर नेला त्याला गड घेणारा म्हणू नये, एवढेच. दोर तो दोर आणि मावळा तो मावळा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक सोपा उपक्रम सांगतो. फळ्यावर चार रकाने करा. पहिल्यात बखर, दुसऱ्यात पोवाडा, तिसऱ्यात कादंबरी, चौथ्यात चित्रपट. मुलांना विचारत जा, घोरपड कोणत्या रकान्यात? लग्न कोणत्या? कमलकुमारी कुठे? तोफ कुठे? तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले तेव्हा सूर्याजीने दोर कापले, ही गोष्ट कोठून आली? पुस्तके जवळ नसली तर मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यावे. दोन तासांत मुलांच्या लक्षात येते की गोष्ट ही आकाशातून पडत नाही, ती माणसे सांगतात, आणि सांगणारा बदलला की गोष्ट बदलते. एकदा हे कळले की मूल चित्रपट पाहताना रडेल, टाळ्या वाजवील, पण फसणार नाही. आज मुलांच्या हाती येणाऱ्या मोबाइलवर दिवसाला शंभर गोष्टी येऊन पडतात. 'हे कोणी सांगितले आणि का सांगितले', हा प्रश्न ज्याला विचारता येतो त्याचे संरक्षण कोणत्याही तटबंदीपेक्षा चांगले होते.

आणि ज्या गावाच्या शिवारात किल्ला आहे, गढी आहे, वीरगळ आहे, तिथल्या शिक्षकांना माझी आणखी एक विनंती. मुलांना तिथे घेऊन जा. वीरगळावर कोरलेला तो लढणारा माणूस कोण, हे कोणालाच ठाऊक नसेल. नसू द्या. मुलांना त्याची गोष्ट लिहायला सांगा, आणि वहीच्या वर स्पष्ट लिहून ठेवायला सांगा की यातले इतके खरे आणि इतके आमच्या मनचे. हरिभाऊंनी जे केले तेच काम हे, फक्त हिशेब उघडा ठेवून केलेले. माहुलीच्या मावळ्यांची गोष्ट असाच कोणी शहापूर तालुक्यातला मुलगा किंवा मुलगी उद्या लिहील. मग तिच्यावर चित्रपट निघाला तर त्यात घोरपड येईल की तोफ येईल, ते तेव्हाचे लोक पाहून घेतील.